तूप, दाण्याचे कूट आणि सक्ती : पंचवटीतील आजींच्या प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय आजी, सप्रेम नमस्कार.

जेवायला कुरकुर करणाऱ्या लहान मुलांचे वजन कसे वाढवावे, या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि स्पष्ट प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : लेख वाचल्यापासून सूनबाई अडीच वर्षांच्या नातीच्या प्रत्येक पदार्थात तूप आणि दाण्याचे कूट घालू लागल्या आहेत; भूक लागली की मूल आपोआप खाते आणि काटक मूल म्हणजे आजारी मूल नव्हे; आपल्या पिढीने कॅलरी मोजल्या नाहीत तरी मुले वाढलीच; आणि घरी केलेला केळ्याचा शेक काय किंवा बाजारातील पावडर काय, दोन्ही मुलाला लठ्ठ करण्याचेच मार्ग आहेत. नातीचे वजन ११ किलो असून ती दिवसभर घरभर पळत असते, हेही आपण कळवले आहे. नाशिकमध्ये आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना हेच आक्षेप मी अनेक आजी-आजोबांकडून ऐकते आणि त्यांमागची काळजी खरी असते, म्हणून उत्तर लांबले तरी पूर्ण देते.

काटक मुलाविषयी आपण जे लिहिले आहे ते बऱ्याच अंशी बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या वाढीच्या तक्त्यांनुसार मुलग्याचे सरासरी वजन जन्मतः ३.३ किलो आणि पहिल्या वाढदिवसाला ९.६ किलो असते, म्हणजे एका वर्षात सहा किलोंहून अधिक वाढ होते. दुसऱ्या वाढदिवसाला तेच वजन १२.२ किलो असते, म्हणजे दुसऱ्या वर्षातील वाढ जेमतेम अडीच किलो. मुलींचे आकडे थोडे कमी, पण चित्र हेच. वाढीचा वेग इतका मंदावल्यावर भूकही मंदावणारच, आणि नेमक्या याच वयात मुलाला चालता येते, नाही म्हणता येते आणि अनोळखी पदार्थाविषयी संशय वाटू लागतो. त्यामुळे कालपर्यंत वाटीभर खिचडी खाणारे मूल आज चार घासांवर उठले, तर त्यात बहुतेक वेळा आजार नसतो. दोन वर्षांच्या मुलग्याचे वजन ९.७ किलो आणि मुलीचे ९ किलो, इथपर्यंतची मुले या तक्त्यांत सर्वसाधारण मर्यादेतच धरली जातात. शेजारच्या गुटगुटीत मुलाशी तुलना करून वजन वाढवायला निघालेल्या पालकांना मीही थांबवते.

मात्र ‘भूक लागली की खाईल’ हे म्हणणे खरे ठरायचे असेल, तर मुलाला भूक लागू तरी द्यायला हवी. माझ्याकडे येणाऱ्या अनेक घरांतला दिवस पाहा : सकाळी उठताच बाटलीभर दूध, मग दुधात बुडवून खारी, दहाच्या सुमारास बिस्किटे, अकराला मोबाइल समोर धरून भरवलेला वरणभात, झोपण्यापूर्वी पुन्हा बाटली, संध्याकाळी फिरायला नेल्यावर हातात कुरकुऱ्यांचे पाकीट आणि रात्री सर्वांच्या तोंडी एकच तक्रार, की हा काहीच खात नाही. या वयाच्या मुलाची दिवसाची गरज साधारण हजार-अकराशे कॅलरींची असते आणि म्हशीचे निर्भेळ दूध लिटरभर पोटात गेले, तर जवळजवळ तेवढ्या कॅलरी दुधातूनच येतात. मग जेवणाची भूक उरणार कुठून? शिवाय दुधात लोह नगण्य असते आणि दुधातील कॅल्शियम इतर अन्नातील लोहाच्या शोषणात अडथळा आणते. म्हणून एक वर्षानंतर दूध दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटरच्या पुढे जाऊ नये आणि ते बाटलीऐवजी पेल्यातून द्यावे, हा सल्ला मी तुपाच्याही आधी देते. काही मुलांच्या बाबतीत एवढा एकच बदल पुरतो.

आता ज्या मुलांसाठी तो लेख होता, त्यांच्याविषयी. ज्यांच्या वजनाची रेषा तक्त्यावर सतत खाली सरकत आहे, जी वारंवारच्या जुलाबातून किंवा तापातून नुकतीच उठली आहेत, किंवा ज्यांची भूक मुळातच फार थोडी आहे, अशी ही मुले. त्यांच्या बाबतीत नुसते भुकेवर सोडून चालत नाही आणि भरवण्याची सक्ती तर त्याहून वाईट. लहान मुलाच्या पोटात एका वेळी वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० ग्रॅम, म्हणजे दहा किलोच्या मुलाच्या पोटात सुमारे ३०० ग्रॅम अन्न मावते. एवढ्याशा जागेत पातळ पेज किंवा वरणाचे नुसते पाणी भरले, तर पोट टम्म होते आणि हाती फारसे काही लागत नाही. उलट, मूल जे पाच-सहा घास आपण होऊन खाते, त्यांतच पुरेशी शक्ती असेल, तर सहावा घास संपल्यावर आईला निर्धास्तपणे ताट उचलता येते. तुपाचा आणि कुटाचा सल्ला मी एवढ्यासाठीच दिला होता, की मुलामागे वाटी घेऊन पळणे थांबावे. सूनबाई तूप घालूनही नातीला पूर्वीइतक्याच आग्रहाने भरवत असतील, तर त्या सल्ल्याचा उपयोग झाला नाही असेच मी म्हणेन, आणि तसे त्यांना माझ्या नावाने अवश्य सांगावे.

अमेरिकेतील आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी यासाठी एक सरळ विभागणी मांडली आहे : काय, केव्हा आणि कोठे खायला द्यायचे हे मोठ्यांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती खायचे हे मुलाने ठरवावे. आपल्याकडे एकत्र कुटुंबात हे पाळणे अवघड जाते, कारण आई ताट उचलते तेव्हा आजोबा बिस्किट पुढे करतात आणि तेही प्रेमापोटीच. तरीही तीन जेवणे आणि मधली दोन खाणी, त्यांत दोन-अडीच तासांचे अंतर, प्रत्येक वेळी फार तर अर्धा तास आणि मधल्या वेळात पाण्याखेरीज काही नाही, एवढी शिस्त घरातील सर्वांनी मिळून पाळली, तर दोन-तीन आठवड्यांत फरक दिसू लागतो.

आपल्या पिढीने कॅलरी मोजल्या नाहीत, हे खरे. पण वरणभातावर तुपाची धार होती, मेतकूट-भातात तूप होते, भाकरीवर लोण्याचा गोळा होता, भाजीत दाण्याचे कूट आणि ओले खोबरे होते. आज घरातील मोठ्यांना कोलेस्टेरॉलमुळे तेल-तूप कमी करायला सांगितलेले असते आणि स्वयंपाक सर्वांचा एकच होत असल्याने दोन वर्षांच्या मुलाच्या ताटातूनही स्निग्ध पदार्थ नकळत निघून जातात. आजोबांची पथ्याची पोळी आणि बिनतेलाची भाजी नातवाला लागू पडत नाही. एक ते तीन या वयात एकूण ऊर्जेपैकी ३० ते ४० टक्के ऊर्जा स्निग्धांशातून येणे योग्य मानले जाते, कारण मेंदूची वाढ याच काळात वेगाने होत असते. दुधाचेही तसेच. म्हशीचे दूध पचणार नाही म्हणून त्यात निम्मे पाणी घालण्याची पद्धत मला गंगापूर रोडच्या सदनिकांतही दिसते आणि सातपूरच्या वस्त्यांतही. वर्षाच्या पुढच्या निरोगी मुलाला ते पाणी घालण्याची गरज नसते. त्याने मुलाचे पोट भरते आणि पोषण निम्मे होते.

प्रमाणाविषयी लिहिणे आवश्यक आहे, कारण ‘प्रत्येक पदार्थात तूप’ असे मी कोठेही सुचवलेले नाही. सपाट चमचाभर तुपात सुमारे ४५ कॅलरी असतात. अर्धी वाटी मऊ खिचडीत एवढे तूप घातले, की त्या खिचडीची शक्ती जवळजवळ दीडपट होते आणि घासांची संख्या तीच राहते. दोन चहाचे चमचे दाण्याच्या कुटात पंचावन्नच्या आसपास कॅलरी आणि अडीच ग्रॅम प्रथिने असतात. एका अंड्यात सुमारे ७० कॅलरी आणि ६ ग्रॅम प्रथिने. दिवसभरात दोन-तीन चमचे तूप किंवा तेल, एकदा कूट किंवा तीळ, चालत असेल तर एक अंडे, आणि साय न काढलेले दही, एवढे पुरे. नुसते तूप वाढवून डाळ, अंडी आणि भाज्या मागे पडल्या, तर कॅलरी मिळतील पण प्रथिने आणि लोह मिळणार नाही. यात आपली शंका रास्त आहे आणि सूनबाईंनी हात थोडा आवरावा.

नागलीविषयी, म्हणजे नाचणीविषयी, मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण ती आपल्याच जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ, त्र्यंबक, इगतपुरी या भागांत पिकते आणि तिच्या १०० ग्रॅममध्ये ३४० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. अडचण अशी, की नागलीची लापशी शिजताना फार दाट होते. मूल खाईल इतकी पातळ करायची तर पाणी भरपूर आणि पीठ अगदी थोडे लागते. यावर जुना आणि शास्त्रशुद्ध उपाय म्हणजे मोड आणणे. नागली रात्रभर भिजवून फडक्यात बांधून मोड आणले, की दाण्यात अमायलेज नावाचे विकर तयार होते आणि ते पिष्टमय पदार्थाचे तुकडे करून लापशी पातळ करते. मोड आलेली नागली वाळवावी, मंद आचेवर अगदी हलकी भाजावी, कोंब चोळून काढावेत आणि दळून आणावी. खरपूस भाजल्यास विकर नष्ट होते. नेहमीच्या पिठाची लापशी दाट शिजवून उतरवली, ती जरा निवल्यावर त्यात चमचाभर हे पीठ मिसळून पाच-दहा मिनिटे ठेवले, की ती डोळ्यांदेखत सैल होते. मग पुन्हा एक उकळी आणावी. अशा रीतीने तेवढ्याच वाटीत कितीतरी अधिक पीठ मावते. बडोद्यात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर मोलाचे संशोधन केले आहे. वर गूळ आणि अर्धा चमचा तूप घातले, तर बहुतेक मुले ही लापशी आवडीने खातात.

शेक आणि पावडर यांत फरक काय, हा आपला प्रश्न महत्त्वाचा आहे. बाजारातील बहुतेक माल्टयुक्त पावडरींत साखर हा एक मोठा घटक असतो आणि त्या दुधाला इतकी गोड चव देतात, की पुढे मूल साधे दूध नाकारते. अन्नसुरक्षेच्या २००६ च्या कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्याच नाही, म्हणून अशी पेये त्या नावाखाली दाखवू नयेत असे केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना कळवले होते. घरच्या शेकमध्ये सायीचे दूध, अर्धे केळे आणि चमचाभर भाजलेल्या दाण्यांची बारीक पूड असते, साखर नसते. तरीही शेक हे पेयच आहे. तो जेवणाच्या आधी दिला तर जेवण बुडते. म्हणून तो मधल्या खाण्याच्या वेळी, लहान पेल्यात आणि दिवसातून एकदाच द्यावा. फळांच्या रसाचा मात्र मी पुरस्कार करत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील मुलांना रस देऊच नये आणि दोन ते पाच वर्षांपर्यंत तो दिवसाला १२५ मिलिलिटरच्या आत असावा.

घशात अडकण्याविषयी आपण एका ओळीत लिहिले आहे, पण ती ओळ मोलाची आहे. अख्खे दाणे, फुटाणे आणि अख्खे बदाम पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती देऊ नयेत. द्राक्षांच्या हंगामात आपल्या नाशिकच्या घराघरांत द्राक्षे असतात. ती उभी चिरून चार फोडी करूनच द्यावीत.

लठ्ठपणाची भीती अशा मुलांच्या बाबतीत खरी ठरू नये, यासाठी एकच पथ्य आहे : दर महिन्याला एकाच काट्यावर वजन घ्यावे आणि रेषा आपल्या जागी आली, की जादाचे तूप-कूट थांबवून घरातला नेहमीचा आहार चालू ठेवावा. महाराष्ट्रापुढचा प्रश्न मात्र आज प्रामुख्याने दुसऱ्या टोकाचा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातील पाच वर्षांखालील ३६.१ टक्के मुलांचे वजन वयाच्या मानाने कमी होते आणि सहा महिने ते पाच वर्षे या वयोगटातील ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय होता. रक्तक्षय झालेल्या मुलाची भूक मरते, म्हणजे जे मूल खात नाही त्याच्या न खाण्याचे कारणच कधीकधी रक्तात असते. आशाताईंकडून मिळणारे लोहाचे औषध आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी १ मिलिलिटर द्यायचे असते. बऱ्याच घरांत ते कपाटात पडून राहते. मूल माती किंवा खडू खात असेल, फिके दिसत असेल, दोन आठवड्यांहून अधिक खोकला किंवा ताप असेल, जुलाब थांबत नसतील, किंवा दोन-तीन महिने वजन जागचे हलले नसेल, तर स्वयंपाकघरातील उपाय बाजूला ठेवून आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

आता नातीविषयी. अडीच वर्षांच्या मुलीचे सरासरी वजन सुमारे १२.७ किलो आणि सर्वसाधारण मर्यादेचे खालचे टोक सुमारे १० किलो धरले जाते. त्या हिशेबाने ११ किलो हा आकडा एकटा काळजी करण्यासारखा नाही. मात्र तिचे वजन सहा महिन्यांपूर्वीही ११ किलोच असेल, तर त्याचा अर्थ पूर्ण बदलतो. माता-बाल संरक्षण कार्ड काढून तिच्या मागील नोंदी पाहाव्यात. रेषा इतर रेषांना समांतर वर जात असेल, तर वरणभातावरचे तूप तेवढे ठेवून बाकीची भर सूनबाईंनी थांबवावी आणि मुलीला पोटभर पळू द्यावे. रेषा आडवी झाली असेल, तर तेच कार्ड घेऊन आपण दोघींनी मिळून तिच्या डॉक्टरांकडे जावे, आणि तोवर तूप, कूट व नागलीची लापशी चालू ठेवावी.