नोंदणी १०५ टक्के? आधी छेद बघा

टेक्सासच्या अमुक काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारख्या भागात) सज्ञान नागरिकांपेक्षा यादीतले मतदार जास्त, म्हणजे घोटाळा! निवडणूक आली की असल्या पोस्टी सुरू होतात आणि आपली तिकडची मंडळीही बिनदिक्कत फॉरवर्ड करतात. यात घोटाळा बहुतेक वेळा गणिताचाच असतो. नोंदणीचे टक्के म्हणजे यादीतली नावं भागिले सज्ञान नागरिक.

अठरा वर्षांवरच्या नागरिकांचा आकडा, म्हणजे सीव्हॅप, ही शिरगणती नव्हे. २०२० च्या जनगणनेत नागरिकत्वाचा प्रश्नच नव्हता. सेन्सस ब्युरो वर्षाला साधारण ३५ लाख पत्त्यांवर नमुना सर्वेक्षण करतं आणि पाच वर्षं एकत्र करून काउंटीचा अंदाज काढतं. २०१९–२०२३ च्या आकड्याचा मध्य २०२१ च्या उन्हाळ्यात येतो. तो नोव्हेंबर २०२४ च्या यादीखाली ठेवलात, तर डॅलसशेजारच्या कॉफमनसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या काउंटीत छेद लहान पडणारच.

वर अंशही फुगलेला. पत्ता बदलल्याचा संशय आला म्हणून नाव लगेच काढता येत नाही. नोटीस जाते, उत्तर नाही आलं तर नाव 'सस्पेन्स'मध्ये, म्हणजे पत्त्याची खात्री न झालेल्यांत पडतं आणि दोन फेडरल सार्वत्रिक निवडणुका होईपर्यंत यादीत राहतं. एकूण नोंदणीत तेही मोजलं जातं.

आणि लहान काउंट्या! टेक्सासच्या २५४ काउंट्यांत ४७ लाखांची हॅरिस आहे, तशी २०२० च्या जनगणनेत ६४ माणसांची लव्हिंगही आहे. ब्युरोच्या फाईलमध्ये CVAP_EST शेजारी CVAP_MOE हा रकाना असतो. अंदाज दोन्ही बाजूंना किती चुकू शकतो, तो फरक हा रकाना नव्वद टक्के खात्रीने सांगतो. समजा अंदाज ८० आणि फरक ३५. खरा आकडा ४५ ते ११५ मध्ये कुठेही असू शकतो. यादीत ९० नावं असतील तर नोंदणी ७८ टक्केही निघेल आणि २०० टक्केही! अशा काउंट्यांची क्रमवारी लावणं म्हणजे शुद्ध वेळ घालवणं.

काउंट्या एकत्र करायच्या तर अंदाजांची बेरीज करा, पण फरकांची सरळ बेरीज नको. प्रत्येक फरकाचा वर्ग करा, वर्गांची बेरीज करा, मग वर्गमूळ. २०१५–१९ ची तुलना २०१६–२० शी करू नका, चार वर्षं दोन्हीकडे तीच आहेत.

सीव्हॅप म्हणजे मतदानास पात्र माणसंही नव्हेत. हंट्सव्हिलचे तुरुंग वॉकर काउंटीत आहेत. तिथले नागरिक असलेले कैदी यात येतात, पण गंभीर गुन्ह्याची शिक्षा पूर्ण होईपर्यंत टेक्सासमध्ये त्यांना मत नाही. उलट फोर्ट बेंड किंवा कॉलिन काउंटीतले एच-१बीवाले, ग्रीनकार्डवाले आपले लोक एकूण लोकसंख्येत आहेत, सीव्हॅपमध्ये नाहीत. त्यांची तिथे जन्मलेली मुलं नागरिक आहेत, पण अठरा पूर्ण होईपर्यंत तीही नाहीत. म्हणून तिथलं मतदान एकूण सज्ञानांवर काढलंत तर ते उगाच कमी दिसतं.