डिकीत गोणी बसते का?

निफाडला मामाकडे जाताना आमची गाडी रिकामी असते. येताना तिच्यात कांद्याची गोणी, टोमॅटोचा कॅरेट, द्राक्षांच्या पेट्या, शेवग्याच्या शेंगा आणि ‘हिला सगळ्यात वर ठेवा, चेपेल’ अशी ताकीद मिळालेली कोथिंबीर असते. नको म्हणायची सोय नाही. ‘नको’ म्हटलं की मामीला ऐकू येत नाही आणि ती दुसरी गोणी काढते. सध्याच्या गाडीच्या डिकीत सीएनजीची टाकी ऐसपैस पसरलेली असल्यामुळे हा सगळा बाजार आमच्या मांडीवर बसून नाशिकला येतो.

म्हणून इलेक्ट्रिक. बॅटरी पायाखाली, डिकी मोकळी, असा माझा हिशोब.

मुंबई नाक्याजवळच्या शोरूममधला मुलगा रेंज सांगायला लागला, तोच आईनं त्याला अडवलं. “निफाड चाळीस किलोमीटर. जाऊन-येऊन ऐंशी. ते राहू दे बाळा, डिकी उघड.”

“साडेतीनशे लिटर आहे, काकू.”

“दूध नाही आणायचं रे.”

मुलगा गप्प झाला. खरं तर चूक त्याची नव्हतीच. डिकी लिटरमध्ये मोजतात. त्यासाठी एक जर्मन पद्धत आहे: 200 बाय 100 बाय 50 मिलिमीटरचे, म्हणजे बरोबर एकेक लिटरचे ठोकळे आत रचायचे आणि किती मावले ते मोजायचे. जर्मनीत सामान चौकोनी असावं. आमची गोणी पोटाळ असते, ती कोपऱ्यात शिरत नाही.

तरी रात्री बसून मी आकडे काढले. टियागो ईव्ही 240, नेक्सॉन ईव्ही 350, पंच ईव्ही 366, क्रेटा इलेक्ट्रिक 433, कर्व्ह ईव्ही 500, एमजी विंडसर 604. धाकटी पंच थोरल्या नेक्सॉनपेक्षा 16 लिटरनं पुढे, हे वाचून मला उगाच आनंद झाला. आमच्या घरात मीही धाकटाच. शिवाय पंचला बॉनेटखाली आणखी 14 लिटरची जागा आहे. “तिथे चपला,” बायको म्हणाली. मला ही सूचना अजूनही पटते.

आकड्यात न दिसणाऱ्या गोष्टी मात्र बऱ्याच असतात. चार्जिंगच्या केबलची पिशवी डिकीतच राहते. काही गाड्यांत स्टेपनीच नसते. 2020 पासून नियमात तशी मुभा आहे: ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट असलं की झालं. आईला हे सांगितलं, तर ती म्हणाली, “बरं झालं, तिथे लसूण बसेल.” मागची सीट पाडली की जागा दुप्पट होते, असंही सेल्समननं सांगितलं. दुप्पट होते, पण मग आईला कुठे बसवायचं, हे त्याला सांगता येईना. आणि काठाची उंची? ती माहितीपत्रकात छापतच नाहीत. पन्नास किलोची गोणी उचलून बंपरवरून आत टाकायची वेळ आली की मग कंबर तो आकडा बरोबर सांगते.

पुढच्या खेपेला आई घरून रिकामा कॅरेट घेऊन आली. शोरूमच्या चकचकीत फरशीवर तो ठेवताच मॅनेजर केबिनमधून बाहेर आला. एका गाडीत कॅरेट गेला, पण डिकीचं दार त्याच्यावर टेकलं. दुसरीत आडवा नाही, उभा गेला. “उभा गेला तर टोमॅटो सांडतील,” आईनं निकाल दिला. सेल्समन फडकं घेऊन बंपर पुसत राहिला.

शेवटी दुसऱ्या शोरूममध्ये विंडसर पाहिली. कॅरेट, गोणी, पेट्या, सगळं मावेल आणि वर कोथिंबिरीला स्वतंत्र खोली मिळेल एवढी जागा. मी बुकिंगचा फॉर्म मागितला. तेवढ्यात बायकोनं मला बाजूला घेतलं.

“अहो, एवढी डिकी मामींनी पाहिली, तर त्या काय काय देतील याचा विचार केलात का? लहानच घेऊ. ‘मामी, खरंच जागा नाही हो’ असं तोंड वर करून म्हणता तरी येईल.”

मला पटलं. आश्चर्य म्हणजे आईनंही मान डोलावली. आम्ही पुन्हा पहिल्या शोरूममध्ये आलो, लहान गाडीचा रंगही ठरवला. मी सही करत होतो, तेव्हा आई त्या मुलाला कोपऱ्यात नेऊन हळूच विचारत होती, “हिच्या टपावर कॅरिअर बसतं का रे?”