सेल बदलून हा बिघाड गेला नसता, साहेब

नमस्कार साहेब,

तुम्ही रिव्ह्यूत लिहिलंय, "तीस रुपयांचा सेल बदलायचं काम होतं. यांनी प्रोग्राममध्ये जरासा बदल केला, कार्ड अडकवून ठेवलं आणि टेस्टिंगच्या नावाखाली बिल वाढवलं." ऐन द्राक्षाच्या हंगामात कोल्ड स्टोअरेजचा लॉगर, म्हणजे तापमान वेळेसकट नोंदवणारं यंत्र (त्याचं सर्किटचं कार्ड आमच्याकडे होतं), हाताशी नसल्यानं तुमची अडचण झाली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. पण बिलाचं वाचून वाईट वाटलं. अंबडमधलं आमचं छोटं वर्कशॉप अशाच कामांवर चालतं आणि नवं गिऱ्हाईक यायच्या आधी हे वाचतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

सेल संपला असता तर लाइट गेल्यावर घड्याळ बंद पडून तारीख १ जानेवारी २००० वर गेली असती. तुमच्या रेकॉर्डमध्ये तसं कुठंच नव्हतं. ११ वाजताची नोंद मधूनच १० ची पडायची, लगेच पुढची नोंद ११:०१ ची, बरोबर. एखाद्या मध्यरात्री तर तारीखच आदल्या दिवसाची. सेलमुळे असं होत नाही.

कार्डावर डीएस१३०७ ही घड्याळाची चिप आहे. ज्यांनी आधी ड्रायव्हर, म्हणजे या चिपकडून वेळ वाचून घेणारा प्रोग्रामचा भाग, लिहिला, त्यांनी तारीख, तास आणि मिनिटं वेगवेगळी वाचली होती. १०:५९:५९ ला तास वाचला १०, तेवढ्यात घड्याळ पुढे सरकलं आणि मिनिटं मिळाली ००. नोंद पडली १०:००. वाचायला सुरुवात होताच ही चिप चालू वेळेची प्रत बाजूला धरून ठेवते, पण सगळी रजिस्टरं (तारीख, तास, मिनिटं ठेवायचे चिपमधले कप्पे) एका दमात वाचली तरच तिचा फायदा. आम्ही तेवढंच बदललं. बदल लहान आहे, हे तुमचं खरं.

पण तो लागू पडला हे कसं कळणार? तास दिवसातून २४ वेळाच बदलतो आणि वाचन नेमकं त्या क्षणी व्हावं लागतं. नुसतं कार्ड चालू ठेवून वाट बघितली असती तर बिघाड दिसला नसता आणि "झालं काम" म्हणून मी ते तुम्हाला देऊन टाकलं असतं. म्हणून आधी जुन्याच प्रोग्रामवर घड्याळ पुन्हा पुन्हा ५९ व्या मिनिटाच्या शेवटी नेऊन सतत वाचत राहिलो आणि तुमचा बिघाड टेबलावर मुद्दाम घडवून आणला. मग तीच चाचणी नव्या प्रोग्रामवर. शिवाय ३१ डिसेंबरची मध्यरात्र, लीप वर्षाचा आणि साध्या वर्षाचा २८ फेब्रुवारी, सप्लाय काढून नुसत्या सेलवर. बिलात लावलेले पैसे या कामाचे आहेत.

हे चालू असताना तुमचा माणूस आला. कार्ड अर्धवट तपासलेलं होतं म्हणून दिलं नाही, तर तो आमच्या पोरांना नको ते बोलला. माल परदेशी जातो तुमचा. तापमानाच्या नोंदीत वेळ उलटी गेलेली दिसली तर घेणारा सगळ्या रेकॉर्डवरच शंका घेईल. ते टाळायलाच कार्ड ठेवलं होतं, साहेब.

यापुढे टेस्टिंगचा खर्च आधी सांगत जाऊ. बिलाबद्दल अजून शंका असेल तर हंगाम आटोपल्यावर या. जुना आणि नवा, दोन्ही प्रोग्राम तुमच्यासमोर चालवून दाखवतो.