स्वनिर्मित ओल

आमच्या इमारतीत सध्या माझ्याबद्दल दोन मतप्रवाह आहेत. एकाच्या मते माझ्या घरातील भिंतीला भयंकर ओल आली असून ती मी आजवर लपवून ठेवली होती. दुसऱ्याच्या मते ती ओल वरच्या मजल्यावरील सद्गृहस्थांच्या न्हाणीघरातून झिरपते आणि मी केवळ भिडेखातर गप्प बसलो होतो. ते सद्गृहस्थ हल्ली जिन्यात समोरासमोर आलो की माझ्याकडे न पाहता कठड्याकडे पाहत खाली उतरतात. प्रत्यक्षात माझ्या घराच्या सर्व भिंती ठणठणीत कोरड्या आहेत. लोकांनी पाहिली ती ओल मी ब्लेंडर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये, हौसेखातर, रात्री जागून तयार केलेली आहे आणि तिचा असा बोभाटा होण्याला शेजारचे काका जबाबदार आहेत.

संगणकावर त्रिमितीय वस्तू घडवायच्या, त्यांच्यावर लाकडाचा, काचेचा, चुन्याचा पोत चढवायचा, योग्य जागी दिवे लावायचे आणि शेवटी छायाचित्र वाटावे असे चित्र त्यातून काढून घ्यायचे, असा हा छंद आहे. या वेळी मी एक जुनी खोली केली होती. खिडकी, तिला लाल पडदा, खिडकीलगत टेबल, टेबलावर अर्धा भरलेला पाण्याचा पेला आणि मागे ओल आलेली भिंत, एवढाच ऐवज. अंतिम रेंडर, म्हणजे दृश्यातून चित्र काढण्याचे संगणकाचे काम, सुरू असताना काका कसलासा अर्ज छापून घ्यायला आले. रेंडर चालू असताना माझा संगणक इतका जेरीला येतो की माउसचा बाणसुद्धा फरफटत चालतो, त्यामुळे छपाईचा प्रश्नच नव्हता. ‘थोडं थांबावं लागेल’ असे मी म्हणालो. काकांनी खुर्ची ओढली आणि ते संगणकाच्या पडद्यासमोर बसले. काका बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले आहेत, हे मी त्या क्षणी लक्षात घ्यायला हवे होते, असे आता वाटते. पण घरी आलेल्या वडीलधाऱ्या माणसाला आपण त्याचे खाते विचारून खुर्ची देत नाही.

चित्र तेव्हा दाणेदार होते. काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा काढला.

“डोळ्याचं ऑपरेशन नीट झालेलं नाही बहुतेक,” ते म्हणाले. “वाळू सांडल्यासारखं दिसतंय.”

ते दाणे संगणकाचेच आहेत, असा मी त्यांना धीर दिला आणि, न विचारता, कारणही सांगितले. खऱ्या जगात प्रकाश दिव्यातून निघून, इकडेतिकडे आपटत डोळ्यापर्यंत येतो. संगणक बहुधा उलट करतो: चित्राच्या प्रत्येक ठिपक्यातून काल्पनिक किरण खोलीत सोडतो, ते भिंतीवर, टेबलावर, पुन्हा भिंतीवर आपटत दिव्यापर्यंत पोहोचतात का ते पाहतो आणि सगळ्यांची सरासरी काढतो. यामागचे समीकरण जेम्स काजिया यांनी 1986 साली मांडले. ते साध्यासुध्या दृश्यासाठीसुद्धा तंतोतंत सुटत नाही, म्हणून किरण यदृच्छेने सोडून अंदाज घ्यावा लागतो. किरण कमी पडले की अंदाज चुकतात आणि चुकलेले अंदाज दाण्यांच्या रूपाने दिसतात. दाणे निम्मे करायचे असतील तर किरण चौपट लागतात.

“चौपट मजूर लावून निम्मा फायदा?” काका म्हणाले. “आमच्याकडे असं टेंडर कधीच पास झालं नसतं.” मग थोडा विचार करून त्यांनी दुरुस्ती केली, “झालं असतं म्हणा.”

एवढ्यात दाणे विरत गेले, खोली स्पष्ट झाली आणि काकांचा चेहरा बदलला. पाठ ताठ झाली. बसल्या जागी हा मनुष्य पुन्हा नोकरीवर रुजू झाला, हे मला दिसत होते.

“ही ओल कधीपासून आहे?”

“महिना झाला असेल,” मी म्हणालो, कारण ते खरे होते.

“आणि इतक्या दिवसांत काहीच केलं नाहीस?”

“केलं की. थोडी वाढवली.”

काकांनी माझ्याकडे पाहिले. मी घाईघाईने सांगितले, की ही खोली अस्तित्वात नाही, ही भिंत म्हणजे निव्वळ एक सपाट चौकोन आहे आणि ओल मी गणिताने आणलेली आहे.

इथे मला पर्लिन नॉइजबद्दल बोलल्याशिवाय राहवले नाही. केन पर्लिन नावाच्या गृहस्थांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला एका चित्रपटाच्या संगणकीय दृश्यांवर काम केले होते आणि त्या दृश्यांतील गुळगुळीत, यंत्रवत रूपाला ते वैतागले होते. त्या वैतागातून त्यांनी असे सूत्र तयार केले, की ज्यातून निघणारे चढउतार अनियमित असतात, पण विस्कळीत नसतात. ढग, संगमरवर, गंज, डोंगर, धूर आणि डाग हे सगळे तेव्हापासून त्या सूत्राच्या वंशावळीतून निघत आले आहे. 1997 साली ऑस्कर देणाऱ्या अकादमीने त्यांना याच कामासाठी तांत्रिक पुरस्कार दिला. माझ्या भिंतीवरची ओल अशा पुरस्कारप्राप्त घराण्यातील आहे.

“म्हणजे ओल तू मुद्दाम आणलीस,” काका म्हणाले.

“हो.”

“मग काढून टाक की.”

या वाक्याला काय उत्तर द्यावे ते मला अजूनही सुचलेले नाही. मी सांगितले, की डाग नसेल तर भिंत खोटी वाटते. त्यावर ते म्हणाले, की भिंत खोटीच आहे असे तूच आत्ता सांगितलेस. मी गप्प बसलो. तेवढ्या वेळात तपासणी पुढे सरकली होती.

“पडद्यापाशी भिंत गुलाबी का? रंगाऱ्याने डब्यात काहीतरी मिसळलंय. तुला फसवलंय त्याने.”

वास्तविक तो गुलाबीपणा हा या चित्रातला माझा सर्वांत मोठा अभिमान होता. लाल वस्तूवर आपटलेला प्रकाश शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर लालसर झाक टाकतो; हे संगणकाने दाखवावे म्हणून कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी 1984 साली रंगीत भिंतींची एक साधी पेटी चितारली होती आणि आजही नवा रेंडरर, म्हणजे अशी चित्रे काढणारा प्रोग्राम, लिहिणारा प्रत्येक जण आधी तीच पेटी रंगवून पाहतो. हे सर्व मी काकांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि रंगाऱ्याचे उरलेले पैसे दाबून ठेवण्याचा सल्ला दिला.

मग पेल्यावर आले. पेल्यावर बोटांचे ठसे होते. ते ठसे म्हणजे काचेच्या चकाकीत कुठे किती खरखरीतपणा असावा हे ठरवणारी एक करडी प्रतिमा असते. प्रकाश तिरका पडला तरच ठसा दिसावा, एरवी दिसू नये, यासाठी मी ती कितीतरी वेळा हलकी-गडद केली होती. काका म्हणाले, “पेला तरी विसळायचास.”

मी विषय बदलण्यासाठी पाण्याबद्दल बोलू लागलो, आणि तिथे फसलो. काचेच्या पेल्यात पाणी दाखवण्याची एक युक्ती अशी, की पाण्याचा आकार पेल्याच्या आतल्या बाजूला नुसता चिकटवून चालत नाही. मध्ये केसाएवढी फट राहिली तर संगणक तिथे हवेचा थर समजतो, प्रकाश चुकीचा वळतो आणि पाण्याभोवती भलतीच कडा उमटते. कारण प्रकाश किती वळतो हे सांगणारा वक्रीभवनांक पाण्याचा 1.33, काचेचा सुमारे 1.5 आणि हवेचा जवळजवळ 1. कोणानंतर कोण येते यावर सारे अवलंबून. म्हणून पाणी काचेच्या जाडीत किंचित घुसवावे लागते.

“पाणी काचेत घुसवलंस?”

“अगदी किंचित.”

“यालाच गळती म्हणतात,” काका म्हणाले. तीस-पस्तीस वर्षांच्या सेवेत अशी कबुली त्यांना कोणा ठेकेदाराने दिली नसावी, इतके ते सुखावलेले दिसले.

आता त्यांना खोली सर्व बाजूंनी पाहायची होती. रेंडर संपला होता, तेव्हा मी दृश्य फिरवून दाखवले. नको होते दाखवायला. टेबल फिरल्यावर त्याला दोनच पाय असल्याचे उघड झाले, कारण कॅमेऱ्याला दिसत होते तेवढेच मी केले होते. या क्षेत्रात हे लाजिरवाणे नाही. मार्टिन न्यूएल यांनी 1975 साली युटा विद्यापीठात जी चहाची किटली संगणकावर घडवली आणि जिच्यावर पुढच्या पिढ्यांनी आपापल्या प्रकाशयोजना पारखून घेतल्या, तिच्या मूळ आकृतीला बूडच नव्हते. ती ज्या खऱ्या किटलीवरून केली, ती आज कॅलिफोर्नियातील संगणक इतिहासाच्या संग्रहालयात ठेवलेली आहे. माझ्या टेबलाला निदान दोन पाय होते.

“आणि इकडची भिंत?”

“ती नाही. कॅमेरा मागे घ्यायला जागा हवी होती.”

“खिडकीबाहेर काय आहे?”

“काही नाही. आकाशाचं एक गोल छायाचित्र आहे, उजेडासाठी.”

“छज्जा?”

“नाही.”

काकांनी आवाज खाली आणला. “छप्पर कुठंय?”

मी सांगितले, की वरून मंद प्रकाश हवा होता म्हणून छप्पर ठेवलेले नाही. तिथे एक मोठा चौकोनी दिवा अधांतरी टांगलेला आहे.

काका खुर्चीत मागे रेलले. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरले, ते मी एवढ्या रात्री जागून एकदाही अनुभवलेले नाही. “एक भिंत नाही, छज्जा नाही, छप्पर नाही,” ते बोटांवर मोजत म्हणाले, “आणि हा मला विचारतो ओल कुठून आली!” मी विचारले नव्हते. पण त्यांचा निष्कर्ष तर्काच्या कोणत्याही कसोटीवर बिनचूक होता आणि त्याचाच मला जास्त राग आला.

निघता निघता त्यांनी आणखी एक शेरा मारला. ओल खालून चढलेली दाखवली असेल, तर तिच्या वरच्या कडेला लोणा लागलेला दिसला पाहिजे. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात, पांढरी पूड सुटते, तिच्यामुळे रंगाचे पोपडे निघतात. आणि ओल छपरातून आलेली असेल, तर डाग खाली कशाला? त्यांनी बोट टेकवून नेमकी जागा दाखवली. मग खिशातून फोन काढला, पडद्याचा तिरका, पट्ट्यापट्ट्यांचा फोटो घेतला, अर्ज छापून घेतला आणि गेले.

तो फोटो त्यांनी इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. खाली लिहिले, ‘दुर्लक्ष केल्यास काय होते पाहा.’ माझे नाव लिहायलाही ते विसरले नाहीत.

माझी तक्रार काकांविरुद्ध तितकीशी नाही. तक्रार अशी आहे, की माझे मूळ चित्र, जे मी टिपूस न् टिपूस तासून केले, ते ज्यांना म्हणून दाखवले त्यांनी ‘छान’ म्हणून फोन परत केला. आणि त्याच चित्राचा हा वाकडा, फिकट, वर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडलेला फोटो मात्र सगळ्या इमारतीने डोळे झाकून खरा मानला. टेबलाच्या कडा मी एकेक करून किंचित गोलावल्या, कारण जगात कोणतीच कड गणिती धारेची नसते आणि त्या सूक्ष्म गोलाईवर प्रकाशाची रेघ उमटली तरच लाकूड लाकूड वाटते. ही रेघ दिसली की लोक म्हणतात टेबल जुने आहे. न दिसली की म्हणतात खोटे आहे. यात कुठेही माझा म्हणून काही भाग उरत नाही. धूळ घातली तर मी गबाळा, न घातली तर नवशिका. हल्ली त्यात तिसरी भर पडली आहे. समितीच्या चिटणिसांचा मुलगा चित्र पाहून म्हणाला, “एआयला एक वाक्य टाकलं की येतं हे.” येते, नक्कीच येते. त्याला टेबलाचे उरलेले दोन पाय कुठे आहेत ते विचारा म्हणावे. माझ्यापाशी उत्तर आहे: ते नाहीत, आणि का नाहीत हेही मला माहीत आहे.

शेवटी वरच्या मजल्यावरच्या सद्गृहस्थांना मी घरी बोलावले, कोरडी भिंत हाताने चाचपून पाहू दिली आणि संगणकावर ओल लावून-काढून दाखवली. एक पट्टी डावीकडे सरकवली की भिंत स्वच्छ, उजवीकडे सरकवली की छतापर्यंत काळी. यावर त्यांची खात्री पटेल, असे मला वाटले होते. ते बराच वेळ त्या पट्टीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे आमच्याविरुद्ध पुरावा तुम्ही घरबसल्या तयार करता तर.”

प्रकरण समितीपुढे गेले. मी लेखी खुलासा द्यावा असे ठरले. मी दिला: ‘सदर ओल ही मी स्वखुशीने व कोणाच्याही दबावाविना स्वतः तयार केलेली असून तिचा वरच्या मजल्याशी कोणताही संबंध नाही.’ चिटणिसांना मजकूर पसंत पडला. फक्त शेवटी ‘यापुढे अशी ओल तयार करणार नाही’ एवढे वाक्य घालावे, अशी त्यांची सूचना आहे. ते मी लिहून देणार नाही. ज्या भिंतीवरून हे सगळे झाले, तिच्यावर लोणा चढवण्याचे काम सध्या चालू आहे, आणि त्यानंतरचे चित्र न्हाणीघराचे आहे.