गडावरचं हॉटेल आणि गावाचं मीठ

"मिठाचो डोंगर? मगे पावसात इरगळना नाय?"

शिरोड्याहून आईनं व्हिडिओ कॉलवर विचारलेला हा पहिला प्रश्न. मिठागरांच्या गावात आयुष्य गेलेल्या बाईला दुसरं काही सुचणार नव्हतं. मृगाच्या आधी रास झाकली नाही तर काय होतं, हे तिनं डोळ्यांनी पाहिलंय. मी स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतातल्या कार्दोना गावात, तिथल्या मिठाच्या डोंगरासमोर फोन उलटा धरून उभा होतो. पांढरे, तांबूस, राखाडी पट्टे, पावसानं कोरलेल्या धारदार कडा, आणि वर कडक ऊन.

इरगळता गो, पण थोडा थोडा. सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वी इथे असलेला समुद्र आटला आणि मिठाचे थर मागे राहिले. वरच्या खडकांच्या भाराखाली ते मीठ मळलेल्या पिठासारखं दाबलं गेलं आणि जिथे वाट मिळाली तिथून वर आलं. पाऊस वरून खातो, जमीन खालून ढकलते. रोमन काळातल्या केटोनं या भागातल्या एका मिठाच्या डोंगराबद्दल लिहून ठेवलंय, की जेवढं काढाल तेवढं तो वाढतो. तो डोंगर आमचाच, असं कार्दोनावाले छातीठोक सांगतात, आणि त्यांच्याशी वाद घालावा असं मला वाटत नाही.

मी राहतो मानरेसात, तिथून कार्दोना बसनं तासाभरापेक्षा कमी. गाव पाच हजार वस्तीचंही नाही. खाली कार्देनेर नदी, तिच्यावर पंधराव्या शतकात बांधायला घेऊन अर्धवट सोडलेला 'सैतानाचा पूल', मध्ये अरुंद गल्ल्यांचं गाव, आणि डोक्यावर किल्ला. किल्ल्याचा पाया ८८६ सालचा, केसाळ गिफ्रे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सरदारानं घातलेला. पुढे कार्दोनाचे सरदार मिठावर इतके गब्बर झाले की त्यांना 'मुकुट नसलेले राजे' म्हणत. या किल्ल्यात १९७६ पासून हॉटेल आहे. चार तारे, वेटर, वाइनची यादी, सगळं.

आता मुद्द्यावर येतो.

सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्र सरकारनं पंचवीसेक किल्ले हेरिटेज हॉटेलांसाठी भाड्यानं द्यायचं धोरण आणलं, तेव्हा मी इथून सगळ्यात मोठ्यानं ओरडणाऱ्यांत होतो. 'गडावर दारू आणि डीजे' हा मेसेज मी स्वतः शाळेच्या ग्रुपवर तीनदा टाकला. शिवरायांचे आणि महत्त्वाचे किल्ले यात नाहीत, असा खुलासा सरकारनं लगेच केला, पण तोवर कोणी ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतं. मीही नव्हतो. त्याच महिन्यात एका रविवारी कार्दोनाला गेलो आणि किल्ल्यातल्या त्या हॉटेलच्या अंगणात बसून कॉफी प्यायलो. कप अर्धा संपल्यावर लक्षात आलं, आपण काय करतोय.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. जुलै २०२५ मध्ये रायगड, राजगड, साल्हेरपासून तामिळनाडूतल्या जिंजीपर्यंत बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, ग्रुपवर फटाके फुटले, आणि आठवडाभरात पुन्हा तीच भांडणं. रोपवे हवा की नको, पार्किंग कुठे, गडावर राहायची सोय असावी का. 'परदेशात बघा कसं ठेवलंय' असं म्हणणारे एकीकडे, 'आमचे गड म्हणजे पिकनिक स्पॉट नाहीत' म्हणणारे दुसरीकडे. मी परदेशात बघतोय. म्हणून सांगतो, दोघांचंही अर्धंच खरं आहे.

पहिली गोष्ट: इथल्या लोकांना इतिहास टोचत नाही म्हणून ते किल्ल्यात हॉटेल चालवतात, हा गैरसमज. ११ सप्टेंबर १७१४ ला बार्सिलोना स्पेनच्या बुर्बों घराण्यातल्या राजाच्या फौजेपुढे पडलं. तो पराभवाचा दिवस कॅटलन लोक आजही आपला राष्ट्रीय दिवस म्हणून पाळतात. कार्दोनाचा किल्ला त्यानंतरही आठवडाभर झुंजत राहिला आणि १८ सप्टेंबरला त्या फौजेच्या हवाली झाला. माझ्या घरमालकीणबाई या दोन तारखा आपल्याकडची आजी पानिपतची तिथी सांगेल तशा सांगतात. आणि किल्ल्यातलं हॉटेल आहे स्पेन सरकारच्या 'पारादोर' या कंपनीचं. १९२८ पासून जुने वाडे, मठ, किल्ले यांत हॉटेलं चालवणारी ही सरकारी साखळी. म्हणजे ज्या माद्रिदच्या गादीपुढे हा गड पडला, तिथल्याच सरकारची पाटी आज गडाच्या दारावर. बाईंना विचारलं, तुम्ही कधी राहिलात का वर? त्या हसल्या. भाचीच्या लग्नाला जेवायला गेले होते, म्हणाल्या, आणि मटण कडक होतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हॉटेल आहे म्हणून गड बंद झालेला नाही. तिथलं सांत विसेन्सचं देऊळ, १०४० साली प्राणप्रतिष्ठा झालेलं, हॉटेलच्या हिशेबात येत नाही. ते कॅटलन सरकारच्या वारसा खात्याकडे आहे, त्याचं तिकीट वेगळं, मार्गदर्शक वेगळा. आत गेलं की बोलणं आपोआप थांबतं. रंग नाही, सोनं नाही, नुसता दगड आणि उंची. एके काळी इथे सैनिकांच्या बराकी होत्या. भिंतीवरची चित्रं काढून बार्सिलोनाच्या संग्रहालयात नेली आहेत. तटावरून फिरायला, बुरुजाला टेकून सँडविच खायला कोणी हॉटेलची पावती मागत नाही. गावातली पोरं संध्याकाळी तिथे बसून सिगरेटी ओढतात, तेही मी पाहिलंय. ते चांगलं की वाईट हा भाग वेगळा, पण गड त्यांचाच आहे एवढं त्यातून कळतं.

खाणीचंही तसंच. १९२९ ते १९९० इथे पोटॅशची, म्हणजे खताला लागणाऱ्या क्षाराची खाण होती, तेराशे मीटरच्याही खाली गेलेली. ती बंद पडली तेव्हा गावाच्या घराघरातला पगार बंद पडला. २००३ पासून तिथे मिठाच्या डोंगराचं उद्यान आहे. डोक्यावर हेल्मेट देतात, जीपनं उतारावरून नेतात, आणि मग जमिनीखाली ८६ मीटरपर्यंतच्या बोगद्यांतून चालत फिरवतात. छताला मिठाचे बारीक पांढरे लोंबते धागे, भिंतीत नारिंगी-पांढऱ्या लाटा, कुणीतरी साडीचा पदर चुरगळून दगडात दाबल्यासारख्या. 'भिंत चाटू नका' असं मार्गदर्शकानं सांगितल्याबरोबर आमच्या गटातल्या चार जणांनी बोट लावून चाटून पाहिलं. त्यात मी एक. शिरोड्याच्या मिठापेक्षा जहाल आहे, मागून किंचित कडवट.

मग सगळं गोड आहे का? नाही. खाणीत जेवढा रोजगार होता, पर्यटनात त्याचा तुकडाही नाही. तरुण मंडळी मानरेसाला नाहीतर बार्सिलोनाला जातात. इकडे कार्दोना पाहुण्यांची वाट बघतं आणि ऐंशी-नव्वद किलोमीटरवर बार्सिलोनात जुलै २०२४ मध्ये लोकांनी पाण्याच्या पिचकाऱ्या घेऊन पर्यटकांना हुसकावलं. तिथल्या महापालिकेनं तर नोव्हेंबर २०२८ पर्यंत पर्यटकांना भाड्यानं द्यायचे सगळे फ्लॅट बंद करायचं ठरवलंय. आपल्याकडे पावसाळी रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवर मुंगीला जागा नसते आणि आमच्या रेडीच्या यशवंतगडावर मुळांनी चिरे उचकटलेले असतात, त्यातलाच हा प्रकार. गर्दी वाटून घेण्याची अक्कल कोणाकडेच नाही, युरोपकडेही.

यशवंतगडाचं नाव घेतलं म्हणून सांगतो. आदिलशाही, शिवाजी महाराज, पोर्तुगीज, सावंत, इंग्रज, सगळ्यांच्या हाताखालून गेलेला हा किल्ला. आम्ही शाळा बुडवून सायकलनं तिथे जायचो. भिंतीत शिरलेली वडा-पिंपळाची मुळं इतकी जाड, की भिंत मुळांना धरून उभी आहे की मुळं भिंतीला, कळत नसे. तिथून पुढे गेलं की गोव्याचा तेरेखोलचा किल्ला. त्यात हॉटेल आहे, कित्येक वर्षांपासून. १९५४ मध्ये सत्याग्रहींनी जिथे तिरंगा लावला, त्याच तटाच्या आत. यशवंतगडाचे चिरे ढासळताहेत म्हणून आम्हाला कधी राग आला नाही आणि तेरेखोलला खोल्या भाड्यानं मिळतात म्हणूनही नाही. २०१९ चा माझा संताप नेमका कुठून आला होता, हे मला अजून नीट सांगता येत नाही. बहुतेक दारूपासून. आणि 'भाड्यानं' या शब्दापासून.

त्या शब्दाची भीती मात्र मला आजही खरी वाटते. पारादोर सरकारी आहे. किल्ला कोणा बिल्डरच्या नावावर नव्वद वर्षांसाठी गेलेला नाही. आपल्याकडे भाडेपट्टा म्हटला की पुढचं चित्र कोणालाही दिसतं: आधी फाटक, मग रखवालदार, मग 'फक्त निवासी पाहुण्यांसाठी' ही पाटी. म्हणून भांडायचंच असेल तर हॉटेल असावं का यावर भांडण्यात मला अर्थ वाटत नाही. करारात तटाची चावी कोणाकडे, पाणी कोणाच्या विहिरीचं, पायथ्याच्या वाडीतल्या बाईनं भाकरी-पिठलं कुठे विकायचं, हे लिहिलंय का, यावर भांडावं. वारसा यादीची चर्चा सुरू झाली तेव्हा पन्हाळ्यावर राहणारे लोक धास्तावले होते, उद्या घराची कौलं बदलायलाही परवानगी लागेल म्हणून. त्यांना 'विकासविरोधी' म्हणणारे पोस्ट पुण्यातून आणि न्यू जर्सीतून येत होते. असे पोस्ट मीही टाकू शकलो असतो, फक्त तोवर कॉफीचा तो अर्धा कप आठवत होता.

कार्दोनात एक जुना कागद आहे, त्याबद्दल गावातलं कोणीही सांगतं. ९८६ साली बोरेय नावाच्या काउंटनं गाव वसवताना सनद दिली: वस्ती करणाऱ्यांना आठवड्यातला एक दिवस मीठ काढून न्यायचा हक्क. बाकीचे दिवस मीठ सरदाराचं, तो एक दिवस गावाचा. हजार वर्षांपूर्वीच्या सरदाराला हे सुचलं होतं. आमच्या शिरोड्यात मे १९३० मध्ये लोक मीठ उचलायला गेले आणि लाठ्या खाऊन आले, ते याच एका दिवसाच्या हक्कासाठी म्हणा ना. गडासाठी पुढचं धोरण जो कोणी लिहिणार असेल त्यानं आधी ही सनद वाचावी, एवढं मी ग्रुपवर लिहिलं. दोन अंगठे आले आणि एकानं विचारलं, तिकडे हवा कशी आहे.

मिठाच्या खाणीजवळच्या दुकानातून मी आईसाठी एक खडा घेतला होता, मुठीएवढा, नारिंगी रेघ असलेला. गणपतीत घरी गेलो तेव्हा दिला. तिनं तो देवघराच्या फळीवर ठेवला, खाली बशी. पुढच्या आषाढात फोन आला.

"तुझो तो खडो इरगळलो. बशीत पाणी झाला. मी सांगलंय नाय?"