वायडी, कॅरी ऑन आणि इथला तिसरा अटेम्प्ट

परवा कॉलेजच्या ग्रुपवर पुन्हा तेच पेटलं, कॅरी ऑन द्यायचं की नाही. वायडी, म्हणजे इयर डाउन, लागलेल्या, विषय राहिल्यामुळे वर्ष अडकलेल्या इंजिनिअरिंगच्या पोरांना पुढच्या वर्षाला बसू द्या असं अर्धे म्हणतायत, आणि बाकीचे म्हणतायत मग पास तरी कशाला व्हायचं. मी इकडे जर्मनीत बसून वाचत होतो आणि मला माझा इथला पहिला पेपर आठवला, जो माझा उडाला, तोही अगदी मन लावून पुणेरी पद्धतीने तयारी करून.

पुणेरी पद्धत म्हणजे पीएलमध्ये, परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत, मागचे पेपर काढायचे, त्यातले आयएमपी, म्हणजे महत्त्वाचे प्रश्न, करायचे, एखादं अवघड टॉपिक सरळ ऑप्शनला टाकायचं, आणि पेपरात डायग्राम काढून पानं भरायची, आपण पुरवणी मागितली की शेजारचा घाबरतो. इथे ९० मिनिटं, ९० मार्क, म्हणजे एका मार्काला एक मिनिट, आणि ऑप्शन नाहीच. दोन मार्कांच्या उत्तराला मी अर्धं पान लिहीत बसलो, शेवटच्या दोन प्रश्नांपर्यंत पोचलोच नाही. ५.० आले. इथे १.० सगळ्यात भारी, ४.० ला पास आणि ५.० म्हणजे नापास, पण आईला फोनवर नुसतं पाच सांगितलं तर ती म्हणाली पाचपैकी पाच? मी गप्प बसलो.

मग कळलं की बऱ्याच युनिव्हर्सिटीत अटेम्प्ट तीनच. तिसराही गेला तर कोर्समधून बाहेर, आणि तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडेही सहसा करता येत नाही. पण वायडी नावाचा प्रकार नाही, एक विषय राहिला म्हणून कोणी वर्षभर घरी बसवत नाही, बाकीचे विषय घेत राहायचे. म्हणजे कॅरी ऑन इथे कायमचंच आहे आणि आपल्यापेक्षा कडकही आहे, हे ग्रुपवर दोन्ही बाजूंना पटलं नाही.

मला विचाराल तर भांडायचंच असेल तर तपासलेल्या पेपरसाठी भांडा. इथे रिझल्टनंतर आइनझिख्ट असते, ठरलेल्या दिवशी जाऊन स्वतःचा पेपर बघायचा, असिस्टंट समोर असतो, हा मार्क का गेला विचारायचं, आणि मला तरी त्याचा एक पैसा पडला नाही. आपल्याकडे फोटोकॉपीचा अर्ज, त्याची फी, मग रिव्हॅल्युएशनची वेगळी फी, आणि पोरगं तोच विषय त्याच चुका घेऊन परत देतं. मला त्या वीस मिनिटांत कळलं की विषय मला येत होता, निम्मे मार्क नुसत्या पाल्हाळाने गेले होते.

दुसऱ्या वेळी घड्याळ लावून जुने पेपर सोडवले. हाताने लिहिलेला एक ए-फोर कागद आत न्यायला परवानगी होती, तो चार वेळा नव्याने लिहिला, आणि पेपरात एकदाच उघडून बघितला. २.३ आले. आईला अजून वाटतंय मार्क कमी झाले.