पंधरा ऑगस्टची सुट्टी आणि आमचा बीड जिल्हा

दहावीच्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर सप्टेंबर २०२५ पासून एकच भांडण चालू आहे. २ सप्टेंबरला सरकारने हैदराबाद गॅझेटियरचा जीआर काढला, म्हणजे निजामकाळच्या नोंदींवरून मराठ्यांना कुणबी दाखला घेऊन ओबीसी आरक्षणात यायची वाट मोकळी केली, आझाद मैदानावर मनोज जरांगे पाटलांचं उपोषण सुटलं, आणि आमचा निम्मा ग्रुप गुलालात न्हाला, निम्मा एकदम गप्प झाला. त्या गप्प झालेल्यांत माळी होते, वंजारी होते, धनगर होते, म्हणजे ज्यांच्या आरक्षणात वाटेकरी येणार ते. एका बाकावर बसलेली पोरं. दोन दिवसांनी पुण्यात स्थायिक झालेल्या एकाने लिहिलं, "मराठवाडा जातीत सडला. तिकडं युरोपात बघा, धर्म-बिर्म घरात ठेवतात, म्हणून ते पुढं गेले." खाली माझं नाव घालून, "तूच सांग यांना."

मी तेव्हा काही सांगितलं नाही. पण ते वाक्य डोक्यातून जात नाही, आणि त्यातला "घरात ठेवतात" हा भाग तर अजिबात जात नाही.

मी जर्मनीत, बाव्हेरिया राज्यातल्या न्यूर्नबर्गला राहतो, कामाला एर्लांगेनला जातो. पंधरा ऑगस्टला बाव्हेरियात मेरीच्या स्वर्गारोहणाचा सण असतो. त्याची सरकारी सुट्टी कुणाला? ज्या गावात प्रोटेस्टंटांपेक्षा कॅथलिक जास्त, त्या गावाला. शिरगणतीचे आकडे घेऊन सांख्यिकी खातं गाववार यादी काढतं. २,०५६ गावांपैकी सतराशेच्या आसपास गावं सुट्टीची, बाकीची कामाची. एर्लांगेनला ऑफिस चालू. त्याच एस-बानने, म्हणजे लोकलने, पुढं फोर्खहाइमला गेलं की दुकानांची शटरं खाली. मग फोर्खहाइमची माणसं आमच्याकडं खरेदीला येतात आणि गाडी लावायला जागा मिळत नाही. अंबाजोगाईच्या तहसील कार्यालयाबाहेर अशी यादी लागली असती, तर माझ्या पुण्याच्या मित्राने काय लिहिलं असतं ते मला माहीत आहे.

दर महिन्याच्या पगारपत्रकावर धर्माचा रकाना असतो. कॅथलिकाला वेगळी अक्षरं, प्रोटेस्टंटाला वेगळी, आणि माझ्यासारख्याला नुसत्या दोन आडव्या रेघा. ज्याच्या रकान्यात अक्षरं आहेत त्याच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या आयकरावर बाव्हेरियात आठ टक्के चर्चचा कर लागतो आणि तो सरकारचंच आयकर खातं वसूल करून देतं. २०१८ साली बाव्हेरियाचे मुख्यमंत्री मार्कुस सोडर यांच्या सरकारने राज्याच्या प्रत्येक सरकारी इमारतीच्या दारात क्रूस लावायचा हुकूम काढला. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०२३ मध्ये केंद्रीय प्रशासकीय न्यायालयाने तो हुकूम कायम ठेवला. सोडर यांचा सीएसयू पक्ष १९५७ पासून सलग बाव्हेरियावर राज्य करतोय आणि त्या पक्षाच्या नावातलं पहिलं अक्षरच 'ख्रिश्चन'चं आहे. हे घरात ठेवणं असेल, तर घर बरंच मोठं म्हणायचं.

हे सांगण्यात मला जर्मनांना कमी लेखायचं नाही. उलट माझं म्हणणं असं, की त्यांनी भांडण घरात कोंडलं नाही, कागदावर आणलं, आणि कागदावर आणल्यामुळेच ते थंड झालं. त्याला रक्त किती लागलं तेही बघावं. १५५५ मध्ये आउग्सबुर्गला तह झाला: ज्याचं राज्य, त्याचा धर्म प्रजेचा. तो पुरला नाही. १६१८ ते १६४८ अशी तीस वर्षं युद्ध झालं, काही मुलखांत निम्म्याहून जास्त माणसं गेली. मग १६४८ च्या तहात आउग्सबुर्गसारख्या काही मिश्र शहरांत पदं वाटून दिली. एका जागी कॅथलिक, जोडीला प्रोटेस्टंट. खालच्या पदांपर्यंत हाच हिशोब, आणि तो दीडशे वर्षांवर टिकला. याला आरक्षण म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? आजच्या युरोपचा दाखला देणाऱ्यांनी हा काळ गाळून टाकायचा, आणि आमच्याकडच्या भांडणाला मात्र मागासलेपण म्हणायचं, हे मला चालत नाही.

आणि तह झाला म्हणून मनं लगेच जुळली असंही नाही. बाव्हेरियात प्राथमिक शाळा १९६८ पर्यंत धर्मवार वेगळ्या असायच्या. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी एका कॅथलिक खेड्यातल्या. न्यूर्नबर्ग १५२५ पासून लुथरचं शहर; त्यांनी इथला प्रोटेस्टंट मुलगा केला. वडील लग्नाला आले नाहीत. पहिलं मूल झाल्यावर आले, पण जेवले नाहीत, अंगणातल्या बाकावर बसून परत गेले. आजी हे सांगतात तेव्हा त्यांच्या आवाजात राग नसतो, फक्त तो बाक कुठं होता ते त्या हाताने दाखवतात.

ते ऐकताना मला येळवस आठवली. मार्गशीर्ष अमावास्येला आख्खं गाव शेतात जायचं. कडब्याची कोप, आत लक्ष्मी, भज्जी, उंडे, माठात आंबील. वडिलांना माणसं जेवू घालायची भारी हौस, रस्त्याने जाणाऱ्यालाही हाक मारून बसवायचे. पाहुणे कोपीजवळ घोंगड्यावर. सालगड्याच्या घरची माणसं बांधाच्या पलीकडं, आणि त्यांचं वाढप शेवटी. कुणी कुणाला तिकडं बस म्हटल्याचं मी ऐकलं नाही. म्हणायची गरजच नव्हती.

म्हणून ग्रुपवरचं दुसरं एक वाक्य मला पहिल्याइतकंच खुपतं: "आपल्या लहानपणी गावात जात नव्हती." मोहरमला सवारी पाटलाच्या वाड्यावरून निघायची, मलिदा सगळ्यांच्या हातावर पडायचा, हे खरं आहे आणि मला प्रिय आहे. पण २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला, तेव्हा याच मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळेंना मारलं. ज्या माणसाने १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभं करून आपल्या भागाला शिकवलं, त्याचं नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला, आणि तेही नामांतर म्हणून नाही, नामविस्तार म्हणून. तेव्हा जात नव्हती असं म्हणणाऱ्यांना ती दिसत नव्हती एवढंच. आमच्या घराला गावात पाटीलकी होती. आम्हाला जात सांगावीच लागायची नाही.

आता ज्या कागदांवरून भांडण आहे ते बघा. निजामाच्या राजवटीत कुणा कारकुनाने कुणाच्या नावापुढं कुणबी लिहिलं, कुणाच्या पुढं लिहिलं नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य गेलं, पण त्याची शाई आठ जिल्ह्यांत आजही माणसाची जागा ठरवते. उर्दू आणि मोडीतली दप्तरं काढून नोंदी शोधायला २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमावी लागली. सोयाबीनला भाव नाही, चार एकरांत तीन भाऊ, अशा घरातल्या पोराला त्या नोंदीत आपली सुटका दिसते. त्याचवेळी ज्या माळ्याच्या, धनगराच्या घरात पंचायत राजच्या आरक्षणाने पहिल्यांदा सरपंचपद आलं, त्याला आपलं ताट ओढलं जातंय असं वाटतं. दोघंही खोटं बोलत नाहीत. खोटेपणा आहे तो दोघांना वेगवेगळ्या सभेत वेगवेगळा शब्द देणाऱ्यांचा. आकडा कुणासमोरच ठेवायचा नाही, म्हणजे भीती दोन्हीकडं विकता येते. २०२४ ला मराठा विरुद्ध ओबीसी अशी झालेली बीडची लोकसभा ६,५५३ मतांनी फिरली आणि त्यानंतर अमक्याच्या दुकानात जायचं नाही, तमक्याच्या हॉटेलात चहा प्यायचा नाही, इथपर्यंत गोष्ट आली. फोर्खहाइमचा कॅथलिक पंधरा ऑगस्टला बिनधास्त प्रोटेस्टंट शहरात खरेदीला येतो, कारण यादी कुणी, कशी केली हे त्याला ठाऊक आहे आणि ती उद्या निवडणुकीआधी बदलणार नाही याची खात्री आहे.

यावर ग्रुपवर हमखास येणारं उत्तर मला पाठ आहे: "तुला काय जातंय तिकडं बसून बोलायला?" ते मला लागतं, हे लपवत नाही. पगारपत्रकावरच्या त्या दोन रेघा पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मला केवढं हलकं वाटलं होतं. पण इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुणी "मूळचे कुठले तुम्ही? आडनाव काय?" असं विचारलं, की मी गाव, तालुका, वाडा, सगळं सांगत सुटतो. विचारणारा काय ताडून बघतोय हे कळत असतं, तरी सांगतो, कारण एरवी इथं मला तेवढं कुणी विचारत नाही. सुट्टीच्या यादीसाठी कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एवढेच तोलतात. या शहरात मी कर भरतो पण त्या तराजूत कुठल्याच पारड्यात नाही. पासपोर्ट भारताचा ठेवला, त्यामुळे इथं नगरपालिकेलाही मत नाही. आणि तिकडं मत द्यायचं तर स्वतः जाऊन द्यायला लागतं.

२०२७ च्या जनगणनेत जात विचारणार आहेत. जनगणनेतून सगळ्या जातींचे आकडे १९३१ नंतर पहिल्यांदाच येणार. मोजणीदार आमच्या दारात येईल तेव्हा आई आमची जात सांगेल, आणि परदेशी राहतो म्हणून मी त्या घरात धरला जाणार नाही. ग्रुपवर मी शेवटी एवढंच लिहिलं: पुण्यातल्या सोसायटीत राहता म्हणून 'आम्ही जात मानत नाही' म्हणत तो रकाना रिकामा सोडू नका. जात, शिक्षण, जे विचारतील ते सगळं लिहा, आणि आकडे आले की चावडीवर मोठ्याने वाचायला लावा. त्यावर पुण्याच्या मित्राने अंगठा दाखवला. एका माळी मित्राने मात्र सप्टेंबरनंतर पहिल्यांदाच ग्रुपवर तोंड उघडलं. म्हणाला, "आकडे आल्यावर तुमच्यातली किती जण ऐकायला थांबतेत, ते बघायचंय मला." त्याच्याशी माझं बोलणं अजून चालू आहे.